गुडघेधारकांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

हे मार्गदर्शन दुचाकी चालवणाऱ्या आणि कमरेखाली दोन पाय असणाऱ्या सर्व नवशिक्यांसाठी आहे. स्कूटरवाल्यांनी ‘हे बुलेटवाल्यांचं आहे’ म्हणून पान उलटू नये. स्कूटर आडवी झाल्यावर खाली तेच डांबर असतं.

पूर्वतयारी

सुरुवातीला पँटचा विचार करूच नका. गाडीभोवती एक फेरी मारा. पुढे जाडजूड लेगगार्ड दिसेल. सायलेन्सरवर जाळी, टाकीवर रेक्झिनचं कव्हर, सीटवर कव्हर, पावसाळ्यात त्या कव्हरवर प्लास्टिकची पिशवी आणि या सगळ्यांच्या पुढे लिंबू-मिरची. शोरूममध्ये अ‍ॅक्सेसरीजची यादी समोर आली तेव्हा गाडीच्या एकेका अवयवाची काळजी वाहत तुम्ही टिकमार्क केलेत. आता मान खाली घालून स्वतःचे पाय पाहा. कॉटनची पँट, इस्त्रीची. रविवार असेल तर थ्री-फोर्थ.

‘लेगगार्ड आहे की!’ असं इथे बहुतेकजण म्हणतात. अमेरिकेत प्रा. हॅरी हर्ट (आडनाव खरंच तेच) यांनी लॉस एंजेलिसमधल्या ९०० मोटारसायकल अपघातांच्या जागी जाऊन तपास केला. त्यांचा अहवाल १९८१ साली आला. त्यात या दांड्यांचाही हिशेब आहे. दांड्यांमुळे घोट्याच्या आणि पावलाच्या इजा कमी झाल्या, पण मांडी, गुडघा आणि नडगीच्या तेवढ्याच वाढल्या. लेगगार्डमुळे टाकीला पोचा येत नाही, एवढं त्याचं श्रेय निर्विवाद आहे. टाकीचं अभिनंदन करून पुढे जाऊ.

पाठ पहिला : गुडघा शोधणे

आरशासमोर ताठ उभे राहा. गुडघा सापडला? छान. आता खुर्चीवर बसून पाय गाडीवर ठेवल्यासारखे मुडपा. पँटचं कापड चार बोटं वर सरकलं आणि गुडघ्यासमोर जे कापड होतं ते मांडीवर गेलं. रायडिंग पँटमधलं पॅडही असंच प्रवासाला निघतं. दुकानाच्या आरशासमोर पँट घालून उभे राहिलात की पॅड बरोबर वाटीवर बसलेलं दिसतं, तुम्ही समाधानाने पैसे देता आणि गाडीवर बसताच ते पॅड मांडीचं रक्षण करू लागतं. मांडीने ते मागितलेलं नसतं.

म्हणून पहिला नियम : पँट बसून निवडावी. दुकानाबाहेर तुमची गाडी उभी असेल तर पँट घालून सरळ तिच्यावर जाऊन बसा. दुकानदार ‘सर, बिल?’ म्हणत मागे धावेल, धावू द्या. बसल्यावर पॅडचा वरचा भाग वाटी झाकतो का आणि खालचा नडगीवर उतरतो का, ते हाताने चाचपा. मग पॅड चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे ढकला. तुमच्या दोन बोटांना ते सरकतं, तर रस्त्यावरून घसरताना ते पोटरीच्या मागे जाऊन बसेल. पॅडच्या खिशात आतून वेलक्रो असावं आणि पॅड वर-खाली लावता यावं. सगळ्यांच्या नडग्या सारख्या लांबीच्या नसतात, ही गोष्ट स्वस्त पँट बनवणाऱ्यांच्या कानावर अजून गेलेली दिसत नाही.

पाठ दुसरा : आपण कुठे पडणार आहोत

रायडिंग पँटचं गिऱ्हाईक गुडघ्याला बाशिंग बांधून दुकानात शिरतं आणि लडाखला जायचं असल्यासारखं बोलतं. ‘उणे तापमानात चालेल ना?’ ‘नदी ओलांडताना पाणी आत येणार नाही ना?’ दुकानदार गंभीरपणे मान डोलावतो. तीन थरांची, दोन अस्तरांची, बारा खिशांची पँट खपते. लडाख पुढच्या जूनमध्ये. तोवर ती कपाटात गाद्यांच्या शेजारी उभी राहते (घडी होत नाही) आणि मालक साध्या पँटमध्ये रोज कात्रजहून शिवाजीनगरला जातो.

तेव्हा स्वतःशी प्रामाणिकपणे यादी करा. टँकरमधून सांडलेलं पाणी. गटाराचं झाकण. पहिल्या पावसात ऑइल वर आलेला चौक. वाळू पसरलेलं वळण, शेजारी ‘काम चालू’चा फलक, काम बंद. उलट्या दिशेने येणारे आणि आपल्यालाच ‘बघून चालवा’ म्हणणारे काका. यातला एकही प्रसंग लडाखच्या ‘खारदुंग ला’ खिंडीत घडत नाही.

‘गावात काय, वीस-तीसचा वेग असतो,’ हा यावरचा नेहमीचा जबाब. त्यासाठी शाळेतलं पदार्थविज्ञान थोडं आठवावं लागेल. पडताना दोन वेगळ्या गोष्टी घडतात. एक म्हणजे आपटणं, दुसरी घासणं. घासणं पुढच्या वेगावर अवलंबून असतं. आपटणं मात्र मुख्यतः उंचीवर. सीटवरून जमिनीपर्यंतचं अंतर गाडी ताशी नव्वदने पळत असो की सिग्नलला उभी असो, तेवढंच राहतं. त्यामुळे गुडघा खाली येतो तो साधारण त्याच जोराने. आपटण्यासाठी पॅड आणि घासण्यासाठी कापड, अशी कामाची वाटणी आहे. गावात वेग कमी म्हणून कापडात थोडी तडजोड परवडेल, पॅडमध्ये नाही.

साध्या जीन्सबद्दल मराठी माणसाच्या मनात अपार श्रद्धा आहे. खाणकामगारांसाठी बनलेलं कापड, दणकट असणारच! युरोपात कापड तपासायच्या एका जुन्या पद्धतीत खरखरीत पट्टा ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने फिरवतात आणि त्यावर कापड टेकवतात. चांगल्या चालककपड्याने तिथे चार सेकंद टिकावं, त्याहून चांगल्याने सात, अशी अपेक्षा असते. साधी जीन्स जेमतेम सेकंदभर टिकते, पुष्कळदा तेवढीही नाही. त्यानंतर पट्ट्याला जे लागतं ते तुमचं असतं.

पाठ तिसरा : लेबल वाचन

हा पाठ मोठा आहे, कारण फसवणूक इथेच होते. तीही अगदी खरं बोलून.

‘सर, सीई आहे,’ दुकानदार म्हणतो आणि पँट उलटी करून गुडघ्याच्या खिशातलं पॅड अर्धं बाहेर काढून दाखवतो. पॅडवर ही युरोपीय खूण खरोखर असते. पण ते पॅडचं झालं. पँटच्या कापडाचं आणि शिलाईचं काय? पॅडला एक युरोपीय मानक आहे, ईएन १६२१-१. संपूर्ण कपड्याला वेगळं आहे, ईएन १७०९२, २०२० सालचं. पँटच्या आत कमरेपाशी शिवलेल्या पट्टीवर मोटारसायकलस्वाराचं चित्र, हा दुसरा आकडा आणि त्याखाली एएए, एए किंवा ए असं अक्षर असेल, तर पँट तपासलेली आहे. पट्टीवर नुसतंच ‘कोमट पाण्यात धुवा’ असेल, तर सीई पॅड साध्या पिशवीत घालून तुम्हाला विकलं जात आहे.

आधी पॅडचं मानक. पाच किलोचं वजन ५० ज्यूल ऊर्जेने पॅडवर आदळवतात, म्हणजे साधारण मीटरभर उंचीवरून सोडल्यासारखं, आणि पलीकडे किती बल पोचलं ते मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत असेल तर लेव्हल १, २० च्या आत असेल तर लेव्हल २. दोन्ही पॅड पास, दोन्ही सीई, फरक जवळपास दुपटीचा. किमतीतला फरक मात्र पँटच्या मानाने मामुली असतो. लेव्हल २ मागा. पॅडवर गुडघ्यासाठी इंग्रजी ‘के’ आणि नितंबाच्या हाडासाठी ‘एच’ असतो. तिथेच बारीक अक्षरात ‘टी’ आणि अधिकचं चिन्ह दिसलं तर ते पॅड ४० अंश तापमानातही तपासलेलं आहे. नागपूर-जळगावकरांनी हे चिन्ह भिंग घेऊन शोधावं. उणेचं चिन्ह शोधत बसायची गरज नाही, ते लडाखवाल्यांसाठी सोडा.

हल्लीची चांगली पॅडं हाताला मऊ लागतात आणि नवशिक्या हिरमुसतो. त्याला काहीतरी कडक, ठोकून टणटण वाजणारं हवं असतं. ‘डीथ्रीओ’सारख्या पॅडचा स्वभाव कॉर्नफ्लोअर दाट कालवल्यावर होतो तसा असतो. हळू बोट घातलं की आत जातं, बुक्की मारली की अडवतं. तेव्हा दुकानात ठोकून पाहू नका.

आता कपड्याचं मानक. जर्मनीतल्या डार्मश्टाट शहराचं नाव असलेल्या यंत्रावर कापडाचे तुकडे गरगर फिरवून काँक्रीटच्या लादीवर सोडतात आणि थांबेपर्यंत घासू देतात. पँटचे विभाग पाडलेले असतात. गुडघे, नितंबांच्या बाजू वगैरे, जिथे आपण हमखास टेकतो, तो पहिला विभाग. तिथलं कापड एएए साठी ताशी १२० किलोमीटर वेगाच्या चाचणीला टिकावं लागतं, एए साठी ७० आणि ए साठी ४५. आणखी एक तपशील दुकानदार सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही : ए वर्गात गुडघ्याचं पॅड सक्तीचं असतं, पण नितंबाच्या हाडाचं नाही. रिकामा खिसा शिवून दिलेला असतो. नवशिक्या त्यात मोबाइल ठेवतो. (खिशांबद्दल एकच सूचना : किल्ल्या, पक्कड, स्टीलची डबी, असलं काही त्यात नको. पडताना आपण सगळ्यात आधी टेकतो ते नेमकं तिथेच.)

ए च्या खाली बी आणि सी असेही वर्ग आहेत. बी म्हणजे कापड ए सारखं, पॅड नाही. सी म्हणजे नुसती पॅडं धरून ठेवणारी जाळी, घासण्याला भरवसा नाही, तिच्यावर दुसरं काही घालायचं. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. गोंधळ होतो तो सी वर्गाची वस्तू एकटी घालून महामार्गावर निघाल्याने.

मानकाबाहेरची पँट वाईटच असेल असं नाही, पण ती चांगली आहे हे तुम्हाला सांगणारा फक्त विकणारा असतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या भागात अपघात झालेल्या २१२ चालकांचा अभ्यास लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. संरक्षक कपडे घातलेल्यांवर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी आली, हे अपेक्षितच. पण त्यांनी अपघातानंतरचे कपडेही तपासले. चालकांच्या खास पँटींपैकी २८ टक्के ऐन वेळी निकामी ठरल्या होत्या. ‘रायडिंग’ हा शब्द पँटवर छापायला कुठलीच चाचणी लागत नाही.

पाठ चौथा : रंग

काळा.

पाठ पाचवा : ऊन

महाराष्ट्रात पायांच्या संरक्षणाची एक परंपरा आधीपासून आहे, पण ती स्त्रियांनी सुरू केली आणि तिचा शत्रू डांबर नसून ऊन आहे. डोक्याला स्कार्फ, अंगात सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे आणि हल्ली कमरेभोवती गुंडाळायचा, पावलापर्यंत लांब सनस्कर्ट. टॅनिंग होऊ नये म्हणून मे महिन्यात इतका बंदोबस्त करणारी व्यक्ती पँट म्हणून आत पातळ लेगिंग घालते. सवय, शिस्त, चिकाटी सगळं तयार आहे. कोणीतरी त्या सनस्कर्टमध्ये गुडघ्यांची पॅडं शिवून विकायला हवीत. पुण्यात एका उन्हाळ्यात धंदा उभा राहील.

पुरुषांचा आक्षेप असा की अशा पँटमध्ये पाय शिजतात. आक्षेप खरा आहे. बंद विणीची, अस्तराची पँट दादरच्या सिग्नलला जे करते त्याला वाफवणं म्हणतात. उपाय म्हणजे जाळीची पँट : मांडीच्या वर आणि पोटरीमागे हवा खेळेल अशी जाळी, गुडघ्यावर आणि बुडावर घट्ट विणीचं नायलॉन. खूप जाळी असलेल्या पँटी बहुधा ए वर्गातच बसतात, हे मान्य करून घ्यावं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ‘मोटोकॅप’ नावाचा उपक्रम २०१८ पासून बाजारातले कपडे स्वतः विकत घेऊन तपासतो आणि संरक्षणाला वेगळे तारे, उकाड्याला वेगळे तारे देतो. ते निकाल चाळले की कळतं, दोन्हीकडे पाच तारे मिळवणारी पँट शोधणं हे स्थळ शोधण्याइतकंच चिवट काम आहे. आमचं मत विचाराल तर रोजच्या वापराला ए किंवा एए जाळीची आणि लेव्हल २ पॅड. एएए चामड्याची पँट ट्रॅकवर जाणाऱ्यांनी घ्यावी, किंवा महाबळेश्वरला राहणाऱ्यांनी.

रायडिंग जीन्स हा ऑफिसवाल्यांचा तोडगा. वरून जीन्स, आतून केव्हलारचं अस्तर. केव्हलारचा धागा ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली शोधला. बुलेटप्रूफ जाकिटात तोच असतो, असं दुकानदार आवर्जून सांगेल. त्याला इतकंच विचारा की अस्तर कुठून कुठपर्यंत आहे. पुष्कळ जीन्समध्ये गुडघ्यावर रुमालाएवढा आणि मागे पाटाएवढा तुकडा असतो, नितंबाची बाजू उघडी. पँट उलटी करून हात फिरवा. शिवणही पाहा, बाहेरून एकच टीप असेल तर कापड टिकेल आणि पँट उसवेल. केव्हलारला ऊन आणि क्लोरीनचं ब्लीच दोन्ही सोसत नाहीत. तेव्हा पँट उलटी करून गच्चीत दिवसभर वाळत टाकण्याची आपली पद्धत इथे चालणार नाही. धुण्याआधी पॅडं काढा. घरच्यांना तसं सांगून ठेवा, नाहीतर एक पॅड वॉशिंग मशिनमध्ये आणि दुसरं भांडी घासायला गेलेलं असेल.

पाठ सहावा : पाऊस आणि सायलेन्सर

‘वॉटरप्रूफ’ पँट बहुतेकदा आतल्या अस्तराने वॉटरप्रूफ असते. म्हणजे बाहेरचं कापड ताम्हिणीतलं निम्मं पाणी पिऊन जड होतं, पाय कोरडे राहतात आणि तुम्ही चहाच्या टपरीच्या बाकावर बसलात की बाक ओला होतो. शिवाय पाऊस आल्यावर अस्तर जोडण्यासाठी पँट काढावी लागते. कुठे, ते मार्गदर्शक पुस्तिकेत दिलेलं नसतं. रेनकोटची साधी पँट वरून चढवा, दोनशे वेळा ओली होऊनही ती तक्रार करत नाही.

सायलेन्सरच्या चटक्याचा डाग उजव्या पोटरीवर असलेली एक अख्खी पिढी राज्यात आहे. कृत्रिम धाग्याची पँट तापलेल्या सायलेन्सरला टेकली की वितळते आणि चिकटते. आतल्या बाजूला, पोटरीपाशी, चामड्याचा किंवा उष्णता सोसणारा पट्टा आहे का ते पाहा. नसेल तर पँटवर आठवड्याभरात एक चमकदार, कडक ठसा उमटेल.

पाठ सातवा : मागची सीट

डोक्याबाबत आपला कायदा ठाम आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९, हेल्मेट आयएस ४१५१ मानकाचं, मागच्यालाही. (त्याविरुद्ध २०१९ च्या जानेवारीत पुण्यात लोक रस्त्यावर उतरले होते. ज्यांचा मेंदू गुडघ्यात आहे त्यांनी निदान गुडघ्याचं पॅड लेव्हल २ घ्यावं.) पायांबाबत कायदा जवळजवळ मौन पाळतो. पण एका ठिकाणी बोलतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानुसार मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला पट्टा किंवा कडी, पाय ठेवायला आधार आणि मागचं निदान अर्धं चाक झाकणारं आवरण हवं, मागच्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. नवी गाडी घरी आली की ‘लूक जातो’ म्हणून चिरंजीव पहिल्यांदा तेच पान्याने उघडतात. मग आईला एका बाजूला पाय टाकून बसवतात, पायात चप्पल, पदर वाऱ्यावर, आणि स्वतः एएए वर्गाची पँट घालून देवदर्शनाला निघतात.

या पाठाचा गृहपाठ : साडीगार्ड परत बसवणे. माळ्यावर असेल. आणि वेलक्रोच्या पट्ट्यांनी बांधायच्या गुडघा-नडगीच्या ढालींचा एक जोड डिकीत ठेवा. सलवारीवरही बांधता येतो.

पाठ आठवा : दुकानात आणि घरी

इटलीतल्या लिनो डायनेझे यांनी १९७२ साली कंपनी काढली तेव्हा त्यांची पहिली वस्तू मोटोक्रॉससाठीची चामड्याची पँट होती. आपल्याकडे सगळे आधी जाकीट घेतात, कारण प्रोफाइल फोटो कमरेपर्यंतच येतो. पँटची पाळी आली की बजेट संपलेलं असतं. हा क्रम उलटा करून पाहा.

दुकानात पँट घालून उकिडवे बसा, दोन पायऱ्या चढा, बूट घालून पँटची खालची चेन लागते का पाहा. चपलेवर रायडिंग पँट घालू नये. पँट घोट्यापाशी संपते आणि घोटा तिथेच सुरू होतो. कमरेचं बक्कल, त्याखालचं बटण, त्याखालची चेन आणि आतली नाडी ही सगळी कुलपं घाईच्या वेळी किती सेकंदांत उघडतात याची चाचणी कुठल्याच युरोपीय मानकात नाही. ती ढाब्यावर पोचण्याआधी स्वतः घ्यावी. ऑफिसला जाणाऱ्यांनी बाजूला कमरेपर्यंत चेन असलेली, फॉर्मल पँटवरून चढणारी ओव्हरपँट घ्यावी. पार्किंगमध्ये ती उतरवताना वॉचमन रोखून बघेल. चौथ्या दिवसापासून बघणार नाही.

घरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच पाठ करा. ‘एवढ्या उन्हात हे काय घातलंयस?’ याला ‘जाळी आहे गं आई, हवा येते.’ ‘केवढ्याची?’ याला मोघम हसणे. ‘कुठे लढाईला का?’ असं शेजारचे काका विचारतील. त्यांना ‘लक्ष्मी रोडला’ म्हणा, त्यांची समजूत पटेल.

परिशिष्ट : पडल्यानंतर

जोरात आपटलेलं पॅड वरून धडधाकट दिसलं तरी बदला. कापड घासून पातळ झालं असेल तर रफू करून धाकट्या भावाला देऊ नका.

आणि अपघात विभागात नेलं तर एक गोष्ट लक्षात असू द्या. तिथे पहिलं काम कात्रीचं असतं. पँट पाच हजारांची असो की पंचवीस हजारांची, सिस्टर खालून वर सरळ कापत येतात. शुद्धीवर असाल आणि पाय हलवायला डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर नम्रपणे सांगून पाहा, ‘सिस्टर, बाजूला चेन आहे.’